कोलंबीनं मागितलेली माफी

...न्हाय पन मला एक सांगा, नारळाचं दूध काढायला माणसाला हात किती पायजेत? दोन का चार? एका हातानं फडकं धरायचं, दुसऱ्यानं पिळायचं, तिसऱ्यानं खालचा टोप धरायचा, तो सरकतो ना वो, आन चवथ्या हातानं आपलंच थोबाड बडवायचं, की कुठून ही अवदसा आठवली! आन हे सगळं कशापायी? वाटीभर पांढऱ्या पान्यापायी! आमच्यात नारळ कसा, खवला, वाटला, टाकला, सुटला माणूस. ह्यांच्यात आधी वाटायचा, मंग पिळायचा, पयलं दूध येगळं ठेवायचं, दुसरं येगळं ठेवायचं, आन दुसरं आधी टाकायचं आन पयलं शेवटी टाकायचं! मंग त्याला पयलं कशाला म्हनायचं? मी एवडंच इचारलं, तर लोक म्हनतात सावळाराम चिडतो. मला राग येत न्हाय. आधीच सांगतो, लिहून घ्या. मला राग येत न्हाय.

पन गोष्ट नारळाची न्हाय. गोष्ट हाय मल्लेशमची.

मी भिवंडीजवळच्या अंजूरचा. बावीस वर्षं धामणकर नाक्याच्या मागं एका लूमच्या शेडमध्ये ड्युटी केली. बारा तासांची शिफ्ट, अठ्ठेचाळीस लूमांचा खडखडाट, शेजारच्याला तंबाखू मागायची तरी बोंबलायला लागायचं. लोक म्हनतात ह्याचा आवाज मोठा. आवो, बावीस वर्षं लूमच्या बाजूला उभं राहून बगा आन मंग कुनाच्या कानात कुजबुजून दाखवा! तर तितं आमचा मुकादम हा मल्लेशम. पद्मानगरात राहनारा तेलुगू माणूस. सगळी शेड त्याला अण्णा म्हनायची. लूम बिघडला, बोलवा अण्णाला. ताना, म्हंजे उभा धागा, तुटला, बोलवा अण्णाला. सावळाराम तापला, बोलवा अण्णाला. तो यायचा, माज्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हनायचा, "गधे, चल, चाय पी." झालं. बावीस वर्षांत त्यानं मला एकदा पन माज्या नावानं हाक मारली न्हाय. गधे म्हनायचा, न्हायतर घोडे, आन जास्तच माया आली तर सुव्वर.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. त्या दिवशी आमचं ठरलेलं, मी सकाळी खाडीवरून कोलंबी घेऊन जानार आन अण्णा शेडच्या कोपऱ्यात रॉकेलच्या स्टोव्हवर त्यांच्याकडच्यासारखी करी करनार. त्याच्या बायकोचं माहेर समुद्राकडचं, तिची करी. राई, कढीपत्ता, चिंच, नारळाचं दूध. पयल्यांदा बगितली तेवा मी म्हनलो, अण्णा, कोन आजारी हाय का? पिवळट रंग, लाल मसाल्याचा पत्ता न्हाय, हे कालवन हाय का काढा? म्हनाला, "गधे, पहले खा. बाद में भौंक." खाल्ली. आन तुमाला सांगतो... भौंकलो न्हाय. बावीस वर्षं गप खाल्ली.

आन मंग ह्या दसऱ्याला काय झालं. दसऱ्याला आमी लूमांना झेंडूचे हार घातले, नारळ फोडले, आन चार दिवसांनी बगतो तर शेडच्या दारात ट्रक! शेठनं लूम भंगारात काढलेले! शेड पाडनार, गोडाऊन बांधनार. हार अजून तसेच, आन हमाल लूम ओढतायत, आन तितं भंगाराच्या यादीचा कागद हातात घेऊन उभा कोन? अण्णा! मी काय म्हनायचं वो? माजी जीभ सुटली. चाळीस मानसांसमोर म्हनलो, तू दलाल हायस! आमचं पोट इकून तू गावाला घर बांधनार! अण्णा म्हनाला, "सावळाराम, सुन..." बगा, नावानं हाक मारली, तितंच मला कळायला पायजे व्हतं काय तरी येगळं हाय. पन मी कुठला सुनतोय! हातात चहाचा ग्लास व्हता, तो आपटला. काचा त्याच्या पायाशी. तो वाकला, काचा गोळा केल्या, कागदात बांधल्या, आन गेला. एक शब्द न्हाय. महिना झाला, एक शब्द न्हाय.

मला राग येत न्हाय. तो ग्लासच घसरला असंन.

बरं, मंग मला मानकोलीला एका गोडाऊनवर वॉचमनची नोकरी लागली. मी खूश. म्हनलो बगा, आपल्या छातीकडं बगून ठेवला! एक दिवस तितला मॅनेजर सहज म्हनतो, "वो मल्लेशमअण्णा आया था ना, तीन बार आया. बोला एक आदमी है, दिमाग का गरम है, पर चोरी करेगा नहीं, करने देगा नहीं. इसको रखो." कदी आला व्हता, म्हनलो. म्हनाला, दसऱ्याच्या आधी.

दसऱ्याच्या आधी! म्हंजे मी ज्याला दलाल म्हनलो, तो माज्या नोकरीसाठी चपला झिजवून आलेला! आन "सुन" म्हनाला ते हेच सांगायला असनार! त्या दिवशी मी गेटवर उभा, ट्रक हॉर्न मारतोय, मला गेट कुठल्या बाजूनं उघडतं ते आठवेना.

आन तितंच पंढरीनं बातमी आनली. पंढरी म्हंजे आमच्या अंजूरचा रिक्षावाला, धामणकर नाक्यापर्यंत शेअर भरतो, सगळ्या भिवंडीच्या बातम्या त्याच्या रिक्षात. म्हनाला, मल्लेशमअण्णा शनिवारी सकाळच्या बसनं गावाला जातो. कायमचा. खोली खाली केली.

आता बगा. शनिवारी सकाळी मानूस कायमचा जानार. जाताना डोक्यात काय घेऊन जानार? तर सावळाराम मला दलाल म्हनला! हे जन्मभर! तेवडं पुसायचं व्हतं मला. बाकी काय न्हाय. पन पुसायचं कसं? घरी आलो, बायकोला सांगितलं. पार्वती म्हनाली, "मंग जावा ना, पाय धरा, म्हना चुकलो." म्हनलं, पार्वते, तो शब्द आपल्या तोंडात बसत न्हाय. आजवर आला न्हाय. तू एक काम कर, मी कोलंबी आनतो, तू अण्णासारखी करी कर, शुक्रवारी त्याला जेवायला बोलावतो. तो एक घास खाईल, समजून जाईल. ती तांदूळ निवडत व्हती. मान वर न करता म्हनाली, "तोंड सोडायला तुमी, आन चुलीपुढं मी? शिव्या तुमच्या, कांदा मी चिरायचा? न्हाय जमनार. तुमीच करा." म्हनलं मला येत न्हाय. "बावीस वर्षं खात व्हता ना?" आवो, खाताना मानूस टोपात बगतो का ताटात?

मला राग येत न्हाय, न्हायतर मी त्या सुपाला लाथच मारली असती. मारली व्हती. हळू.

पंढरीला म्हनलो, अण्णाला सांग शुक्रवारी एक वाजता माज्याकडं जेवायला ये. काय हाय जेवायला ते सांगायचं न्हाय. संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, येतो म्हनाला अण्णा. पन दादा, त्याचं काय हाय..." म्हनलं, येतो म्हनाला ना? "व्हय, पन..." म्हनलं, येतो म्हनला मंग पन कशाला? पन बोललं की गोष्ट नासते! ठेव फोन! ठेवला त्यानं.

आता करी शिकायची कुनाकडं? पद्मानगरात जानकीबाई हाय, तेलुगूच, मसाल्याचं छोटं दुकान, अण्णाच्या बायकोची मैत्रीण. तिच्या दुकानात गेलो. म्हनलं, मावशी, ती तुमची झिंग्याची करी सांगा. ती म्हनाली, "तू बनाएगा?" आन जे हसली, जे हसली, गिऱ्हाइकं थांबली. मी हसू दिलं तिला. मला गरज व्हती. मंग सांगितलं तिनं बोटांवर, राई तडतडली पायजे, मेथी चार दाने, पाचवा पडला तर कडू. कढीपत्ता दांडीसकट. कांदा, हिरवी मिरची, आलं, लसून, हळद. मंग चिंचेचं पानी, मंग पातळ दूध, उकळी आली की कोलंबी, कोलंबी वाकडी झाली की घट्ट दूध, आन लगेच आच बंद. "लगेच! समझा? गाना मत गा उधर." समझा, म्हनलं. आन लाल मसाला? "लाल मसाला डाला तो मेरी दुकान पे वापस मत आ." बरं. मंग इचारते, "किसके लिए?" म्हनलं मल्लेशमअण्णासाठी, शुक्रवारी. तिचा हात तराजूवरच थांबला. "अरे, पर वो तो अभी..." म्हनलं, मावशी, मला माहीत हाय सगळं, तो माज्यावर चिडलाय, खानार न्हाय, थुंकनार हाय, तुमाला काय करायचं? कढीपत्ता बांधा! तिनं बांधला. बांधताना माज्याकडं अशी बगत व्हती, जसा मी येडा हाय.

आता सांगा, कुनी सांगायचं तर पूर्ण सांगावं ना मानसानं? अर्ध्यात कशाला सोडतात?

शुक्रवार उजाडला. सकाळी ओहोटीला खाडीवर गेलो, जाळ्यातून काढलेली उड्या मारनारी कोलंबी आनली, बोटाएवडी एकेक. सोलली. काळा धागा काढला. तुमाला सांगतो, भात लावायला वाकलो तेवा कंबर अशी दुखली न्हाय! पार्वती ओट्यावर बसून बगतेय, "डोकी टाकू नका, डोक्यात चव हाय." ते तुज्या कालवनात, म्हनलं, ह्याच्यात जानकीबाईनं सांगितलं न्हाय. "मंग ती मांजराला द्या, मांजर तरी तुमाला चांगलं म्हनंल."

नारळ फोडले दोन. खवले. मिक्सरच्या भांड्यात टाकले, बटन दाबलं, घर्रर्र... आन गेली लाइट! लोडशेडिंग! आवो, शुक्रवारी सकाळी! अकरा वाजले, एक वाजता मानूस येनार, आन दोन नारळ मिक्सरात अर्धे वाटलेले, ना धड चटनी ना धड खोबरं. मला राग येत न्हाय, पन मी मिक्सरला काय काय बोललो ते इथं सांगता येनार न्हाय, बायामानसं बसलीत. मंग पाटा काढला. वीस वर्षांनी. त्याच्याखाली इंचू निघाला! तो गेला तिकडं, मी इकडं, पार्वती तिसरीकडं, आन नारळ तितंच. मंग बसलो वाटायला. वाटता वाटता मनातल्या मनात घोकतोय, अण्णा, चु... अण्णा, चु... न्हाय येत. वरवंटा पुढं जातो, शब्द मागं येतो. पार्वती म्हनते, "काय पुटपुटताय, मंत्र म्हनताय का?" म्हनलं, तू तांदूळ निवड.

मंग ते दूध पिळायचं. फडकं कुठलं? घरातला पंचा घेतला, त्याला घामाचा वास. लुगड्याचा तुकडा घेतला, पार्वतीनं हिसकावला. मंग मला आठवलं, कपाटात वरच्या फळीवर माज्या शेडमधला कापडाचा तुकडा हाय, कोरा, लूमवरनं कापलेला, कुनी हात लावलेला न्हाय. म्हनलं, ह्याच्यापेक्षा चोख फडकं आख्ख्या भिवंडीत मिळनार न्हाय! काढला, पसरला, नारळ ओतला, पिळला. आन काय दूध पडलं म्हनून सांगू! घट्ट! पांढरं सफेद! म्हनलं जानकीबाई, ये बगायला. दुसऱ्यांदा पानी टाकून पिळलं, ते पन घट्ट. तिसऱ्यांदा पिळलं, ते पन घट्ट! मी तर खूशच. दोन नारळांत एवडं दूध? माज्या हातालाच गुन हाय, म्हनलं.

पेटवला स्टोव्ह. तेल, राई. राई तडतडली, एक डोळ्यात गेली. मेथी टाकली, चारच टाकायची व्हती, मुठीतनं किती पडली देवाला माहीत. कढीपत्ता टाकला, तो असा फुटला जसा दिवाळीचा लवंगी. कांदा. मिरची. हळद. चिंच भिजवायची राहिली, तशीच टाकली, बियांसकट. आन तेवड्यात मोबाइल! पंढरी! "दादा, आमी निघालो हाय, अण्णाला घेऊन येतो. पन दादा, एक मिनिट ऐका, कोलंबी-बिलंबी तर..." म्हनलं, पंढऱ्या, माजा कांदा जळतोय! तू मला आत्ता कोलंबी शिकवतो? ठेव! आन ठेवला मीच.

पातळ दूध टाकलं. उकळी आली. कोलंबी टाकली. आन मंग काय झालं कळलं न्हाय, ते सगळं फुगायला लागलं. गोठायला लागलं! पळी उभी राहिली. मी पानी टाकलं. घट्ट. अजून पानी टाकलं. अजून घट्ट! पळी काढली तर तार धरतेय! पार्वती उठून आली, वाकून बगितलं, म्हनाली, "हे जेवायला हाय का पोस्टर चिकटवायला?" घट्ट दूध तर अजून टाकायचं राहिलं व्हतं, ते टाकलं, ते फाटलं. वर तेल, खाली गोळा, मधे कोलंबी, एक उचलून चावली, तर नळाचा वायसर! आन रंग, तुमाला सांगतो, भिंतीच्या चुन्यासारखा. माजा हात आपोआप लाल मसाल्याच्या डब्याकडं गेला. पार्वतीनं माजं मनगट धरलं. "आवो," म्हनाली, "नासली ती नासली. निदान त्यांच्याकडची नासू द्या, आपल्याकडची नको." ती बावीस वर्षांत पयल्यांदा असं हळू बोलली माज्याशी. मी डबा ठेवला. ती म्हनाली, "तो शब्द म्हना. दोन अक्षरं जास्त हायेत का?" मी म्हनलं, तीन हायेत.

एक वाजला. बाहेर रिक्षा. मी हात पुसत अंगनात आलो. आन बगतो तर काय... रिक्षातून उतरला तो सगळा काळा! काळी लुंगी, काळा सदरा, खांद्यावर काळा पंचा! पायात चप्पल न्हाय! दाढी वाढलेली! माजं डोकं गर्रकन फिरलं. म्हनलं, पुढाऱ्यांना काळे झेंडे दाखवतात, तसा हा माज्या दारात निषेध करायला आला! मी घसा मोकळा करनार, तेवड्यात त्यानं हात जोडले. मान खाली घातली. म्हनाला, "स्वामी शरणम."

मी मागं वळून बगितलं, स्वामी कोन? मागं आमची कोंबडी.

"कैसा है, स्वामी?" मला म्हनतोय! मला! मी पंढरीकडं बगितलं. पंढरी रिक्षाचा आरसा पुसतोय, आरसा सोडून कुठंच बगत न्हाय. म्हनलं, हे काय? तर म्हनतो, "दादा, अण्णानं गेल्या शनिवारी शबरीमलाच्या अय्यप्पास्वामीची माळ घातली. एक्केचाळीस दिवस. मासळी न्हाय, मटन न्हाय, दुसऱ्याच्या घरचं शिजलेलं न्हाय, जमिनीवर झोपायचं, काळे कपडे घालायचे, अनवानी राहायचं, भेटेल त्याला स्वामी म्हनायचं. तेच सांगत व्हतो, दादा. तीन येळा."

पार्वतीच्या तोंडाला पदर. आन आतून त्या कोलंबीचा वास असा मस्त येतोय, नासलेली असली तरी वास येतोच ना वो, आन दारात माळकरी! ती धावत आत गेली, टोप झाकला, परसात नेला. मी तितंच उभा. हातात काय न्हाय. चार दिवस जे हातात द्यायचं म्हनून मरमर केली, ते तर देताच येत न्हाय! मंग द्यायचं काय? उभा राहिलो, आन काय झालं, कसं झालं, तोंडातनं पडलं...

"अण्णा, चुकलो."

पडलं एकदाचं! कोंबडीनं पन मान वर केली. आन अण्णानं काय करावं? लगेच, श्वास पन न घेता, "माफ किया, स्वामी."

एवडंच! गर्दीत कुनाचा पाय पडावा आन आपन म्हनावं राहू द्या, तसं! महिनाभर मला झोप न्हाय, बोटं कापली, डोळ्यात राई गेली, इंचवापासून वाचलो, आन हा म्हनतो माफ किया! म्हनलं, अण्णा, मनापासून? तो म्हनाला, "मन का बाद में देखेंगे. अभी माला है. माला में किसी पर गुस्सा नहीं रख सकता. दुश्मन को भी माफ करना पडताय."

दुश्मन को भी!

मला राग येत न्हाय. पन तितं आला. म्हनलं, ही माफी हाय का? ही तर नियमातली माफी! समोर कुत्रा असता तरी मिळाली असती! मला नको! मी तुला दलाल म्हनलो, तू माज्यासाठी मानकोलीला तीन चकरा मारल्यास, मला माहीत हाय, मॅनेजरनं सांगितलं. आता तू मला घाल शिव्या! बावीस वर्षं गधा म्हनायचास, ते म्हन! तू मला स्वामी म्हनतोस ना अण्णा, ह्याच्याएवडा माजा अपमान आजपर्यंत कुनी केला न्हाय!

त्याच्या मानेची शीर फुगली. दिसली मला. त्यानं माळ मुठीत घट्ट धरली, डोळे मिटले, "स्वामी शरणम... स्वामी शरणम... स्वामी शरणम..." पंढरी दोन पावलं मागं सरकला.

मंग डोळे उघडून म्हनतो, "क्या बनाया था?" पार्वतीच म्हनाली, "तुमचीच कोलंबी, भावजी. ह्यांनी स्वतः केली." त्याचं तोंड बारीक झालं. म्हनाला, "थाली लाओ. ये स्वामी खाएगा. मैं दूर से देखता."

आन तुमाला सांगतो, ज्याला जेवायला बोलावलं तो अंगनात सहा फूट लांब, आमच्या घरची दोन केळी सोलून खातोय, आन मी ओट्यावर बसून माजीच कोलंबी भातात कालवतोय. ती कालवेना! भात बोटांना, बोटं ताटाला. घास घेतला. "कैसा है?" बरं हाय, म्हनलं. "झूट मत बोल, स्वामी." म्हनलं, अण्णा, चिकट हाय. जाम चिकट हाय. दात उघडत न्हायेत. तो उठला. वास घेतला. लांबूनच, नुसतं नाक वर करून. त्याची नजर कुंपनावर गेली. तितं ते फडकं वाळत टाकलेलं. गेला, हातात घेतलं, उन्हावर धरलं, बोटानं किनार चाचपली.

"ये चौदा नंबर का है," म्हनाला. "बायीं किनार ढीली. मैं दसरे तक ठीक करने वाला था."

माजा घास मुठीतच राहिला. चौदा नंबर माजा लूम व्हता वो. शेवटच्या दिवशी मीच कापून आनला व्हता तुकडा.

आन मंग त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काय तरी यायला लागलं. "धोया नहीं?" म्हनाला. म्हनलं, कोरंच व्हतं, कशाला धुवायचं? "लूम का कपडा... सायझिंग के साथ... बिना धोये... उसमें से दूध छाना?"

तेवा मला कळलं! आवो, ताना कडक राहावा म्हनून त्याला खळ लावतात, ती सायझिंगची खळ, जिची धूळ आमी बावीस वर्षं श्वासात घेतली, ती त्या कापडात भरलेली, आन मी ती पिळून पिळून कोलंबीत उतरवली! तीन येळा! म्हंजे ते दूध नव्हतंच, ती खळ व्हती! आन हे लूमवरच्या मानसानं करावं!

अण्णाचं तोंड उघडलं. लाल झालं. म्हनाला, "अरे ग..."

मी ताटावरनं अर्धा उठलो.

"ग..." ओठ थरथरतायत. मान फुगलीय. पंढरी कानावर हात ठेवून उभा. "ग... ग..." आन मी खळीचा घास मुठीत धरून देवाला म्हनतोय, येऊ दे, एकच येऊ दे, गधा न्हाय तर अर्धा गधा तरी येऊ दे! मी म्हनलं, बोल अण्णा, बोल!

न्हाय आला. गिळला त्यानं. "...स्वामी शरणम," म्हनाला, आन खाली बसला, आन त्याचे खांदे हलायला लागले. हसत व्हता का रडत व्हता, मला सांगता येनार न्हाय, पंचा तोंडावर व्हता. मी पन मंग ताटाकडंच बगत राहिलो. माज्या डोळ्यात ती राई अजून व्हतीच.

निघताना त्यानं ते फडकं आमच्या टाकीवर नेलं, स्वतः धुतलं, तीन पान्यातनं काढलं, पिळलं, झटकलं, आन न इचारता खांद्यावर टाकलं. घेऊनच गेला. रिक्षात बसताना बोट दाखवून म्हनाला, "इकतालीस दिन पूरा होने दे, स्वामी. माला उतरेगी, फोन करूंगा. बैठ के सुनना. बीच में बोलना मत. दलाल बोला उसका अलग, ग्लास फेंका उसका अलग, झिंगे का अलग."

म्हनलं, अण्णा, एक शब्द बोलनार न्हाय.

शनिवारी गेला. चौतीस दिवस राहिले व्हते. मी गोडाऊनच्या भिंतीवर खडूनं रेघा मारल्या. मोबाइल चार्जिंगला लावून ड्युटी केली. पार्वती हसायची, "लोक पगाराची वाट बगतात, हे शिव्यांची." हसू दे. कुनाला काय कळतं? शिव्या आल्या म्हंजे मानूस परत आला. माफी तर तो कुत्र्याला पन देत व्हता.

आन परवाच्या शुक्रवारी, बरोबर दुपारी, फोन वाजला. गावचा नंबर. मी गेट लावलं, ट्रकवाल्याला म्हनलं हॉर्न मारलास तर टायर फोडीन, खुर्ची ओढली, बसलो, घाम पुसला, फोन कानाला लावला. म्हनलं, बोल अण्णा. बसलोय. मधे बोलनार न्हाय.

तिकडून आवाज आला, "स्वामी शरणम."

मी गप. शब्द दिला व्हता ना, मधे बोलायचं न्हाय.

"स्वामी, घरवाली बोली, इस साल शबरीमला की ज्योत देख के ही आओ. माला बढाया है. संक्रांती तक."

मी तरी गप.

"तब तक सब माफ. फोन रखता, स्वामी."

ठेवला. आता संक्रांतीपर्यंत काय करायचं मानसानं, सांगा? ना भांडन, ना शिवी, ना राग काढायची सोय. बसलोय असाच... माफ होऊन.